दहा वॅटांचे अडीच वॅट

विज्ञानाच्या इतिहासात काही कल्पना वेळेच्या आधी जन्माला येतात. कल्पना निर्दोष असते, तिच्यामागचे गणित चोख असते. परंतु ती पेलणारे साधन अद्याप तयार झालेले नसते. अशा वेळी प्रयोग फसतो आणि लोक साधनाचा दोष कल्पनेच्या माथी मारून मोकळे होतात. ‘डी’ वर्गाच्या ध्वनिवर्धकाचे नेमके असेच झाले. आज खिशातल्या दूरध्वनीपासून भजनी मंडळाच्या बॅटरीवर चालणाऱ्या पेटीपर्यंत, जेथे जेथे लहानशा यंत्रातून मोठा आवाज निघतो, तेथे बहुधा हाच वर्ग राबत असतो. पण बाजारात त्याचे पहिले पाऊल पडले ते मात्र शक्ती कमी पडणारे यंत्र म्हणून.

ही कथा समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ साली तीन अग्रांची निर्वात नलिका सिद्ध केली आणि क्षीण विद्युत्-संदेश सबळ करण्याचा मार्ग मोकळा झाला. पुढे या नलिका वापरण्याच्या पद्धतींना इंग्रजी वर्णमालेतील अक्षरे मिळाली. ‘ए’ वर्गात नलिकेतून प्रवाह अखंड वाहत राहतो. आवाज निर्दोष निघतो, पण घेतलेल्या शक्तीपैकी आदर्श परिस्थितीतही निम्म्याहून अधिक शक्ती कर्ण्यापर्यंत पोहोचत नाही. ‘बी’ वर्गात दोन नलिका लाटेचे अर्धे अर्धे ओझे वाटून घेतात. तेथे ही मर्यादा शेकडा ७८·५ पर्यंत जाते. उरलेल्या शक्तीची उष्णता होते. जुन्या रेडिओच्या पेटीवर हात ठेवला की जी ऊब लागे, तीत या वाया गेलेल्या शक्तीचाही वाटा होता.

ही शक्ती वाया का जाते? उसाला पाणी देण्यासाठी दारे धरणाऱ्या शेतकऱ्याचे उदाहरण घ्यावे. एखाद्या वाफ्याला पाटाचे निम्मेच पाणी द्यावयाचे आहे. त्याने दारे अर्धवट बुजवून ठेवले, तर पाणी तेथे अडते, घुसळते, दाऱ्याची माती खाते. जुन्या वर्गांतील नलिका किंवा ट्रान्झिस्टर असाच अर्धवट मिटलेल्या दाऱ्यासारखा उभा असतो; प्रवाहही त्यातून जातो आणि दाबही त्याच्यावर पडतो, म्हणून तो तापतो. उलट शेतकऱ्याने दारे काही वेळ पूर्ण उघडले आणि तेवढाच वेळ पूर्ण बंद केले, तर वाफ्याला पाणी निम्मेच मिळते, पण अडथळ्यापायी काही वाया जात नाही. पूर्ण उघड्या दाऱ्यावर दाब नसतो. पूर्ण मिटलेल्या दाऱ्यातून प्रवाह नसतो.

‘डी’ वर्गाचे तत्त्व एवढेच आहे. ध्वनीच्या लाटेची उंची ठरवावयाची ती प्रवाह कमीजास्त करून नव्हे, तर तो किती वेळ चालू आणि किती वेळ बंद ठेवावयाचा यावरून. लाट उंच असेल तेव्हा चालू राहण्याचा काळ लांबतो. ती खाली आली की आखडतो. ही उघडझाप श्रवणकक्षेच्या पुष्कळ वरच्या वेगाने होते आणि शेवटी वेटोळे व कंडेन्सर यांची एक चाळणी ती गाळून टाकते. उरते ते गाणे. तत्त्वतः यात शक्तीचा व्यय शून्य. ‘डी’ हे अक्षर ‘सी’नंतरचे म्हणून मिळाले, ‘डिजिटल’ या शब्दाशी त्याचा संबंध जोडला जातो तो चुकीचा आहे. दूरध्वनीवरील संभाषण सांकेतिक स्पंदांत बदलण्याची युक्ती १९३७ च्या सुमारास शोधणारे इंग्रज अभियंते ॲलेक रीव्ह्ज यांच्याकडे या ध्वनिवर्धकाचेही जनकत्व सामान्यतः दिले जाते. १९५० नंतरच्या दशकात कल्पना आणि नाव दोन्ही रूढ झाली होती. माल मात्र बाजारात आला नव्हता.

तो आणला क्लाइव्ह सिंक्लेअर यांनी. १९४० साली जन्मलेल्या या गृहस्थांनी सतराव्या वर्षी शिक्षण सोडले, तांत्रिक मासिकासाठी व हौशी कारागिरांच्या पुस्तिकांसाठी लेखन केले आणि १९६१ साली ‘सिंक्लेअर रेडिऑनिक्स’ ही कंपनी काढली. पुढे खिशातले गणकयंत्र आणि घरगुती संगणक यांमुळे त्यांचे नाव जगभर झाले. परंतु साठीच्या दशकातील त्यांचा धंदा सुटे भाग टपालाने पाठविण्याचा होता. गिऱ्हाइकाने ते घरी जोडावयाचे. १९६४ साली त्यांनी ‘एक्स-१०’ नावाचा ध्वनिवर्धक विक्रीस काढला. नावातील दहा हा आकडा दहा वॅटांचा. उघडझापीच्या तत्त्वावर चालणारा, बाजारात विकत मिळणारा हा पहिला ध्वनिवर्धक मानला जातो. प्रत्यक्षात त्यातून शक्ती निघाली ती अवघी अडीच वॅट. शिवाय त्याच्या उघडझापीच्या लहरी बाहेर पसरून जवळच्या रेडिओंत खरखर उठवीत, ती तक्रार वेगळीच. त्यामागून वीस वॅटांचा ‘एक्स-२०’ आला; पण त्यालाही त्या वेळच्या ट्रान्झिस्टरांच्या मर्यादा आड आल्या. दोन्ही यंत्रे लवकरच विस्मृतीत गेली.

शक्ती कोठे गळत होती? त्या वेळचे शक्तिशाली ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. एकदा चालू झालेला ट्रान्झिस्टर बंद करावयाचा म्हटले, तरी त्याच्या अंगात साठलेला विद्युत्-भार ओसरण्यास वेळ लागे. हा वेळ काही मायक्रोसेकंदांचा. माणसाच्या व्यवहारात मायक्रोसेकंद म्हणजे काहीच नव्हे. पण सेकंदात पन्नास हजार उघडझापी करावयाच्या असतील तर एका फेरीला वीस मायक्रोसेकंदच मिळतात. त्यांपैकी दोन उघडण्यात व दोन मिटण्यात गेले, तर फेरीचा पाचवा हिस्सा दारे अर्धवट उघडे राहण्यातच संपला. म्हणजे जो दोष टाळण्यासाठी हा सारा खटाटोप, तोच दोष मागील दाराने आत शिरला. शिवाय वरचा ट्रान्झिस्टर पुरता मिटण्यापूर्वी खालचा उघडला, तर विजेला कर्ण्याकडे न जाता थेट जमिनीकडे जाण्याची वाट मिळते. हा अपघात टाळण्यासाठी दोन्ही क्षणभर मिटलेले ठेवावे, तर त्या अवधीत लाटेचा आकार बिघडतो. ट्रान्झिस्टर जितके मंद तितका हा अवधी मोठा आणि तितका आवाज ओबडधोबड.

येथे एक प्रश्न उभा राहतो. दहा वॅटांचे अडीच वॅट झाले, म्हणजे शक्ती चौथाईवर आली. मग तो ध्वनिवर्धक विकला तरी कसा गेला? याचे उत्तर मानवी कानाच्या रचनेत आहे. कान शक्तीचे माप सरळ घेत नाही. शक्ती दुप्पट झाली तर ती तीन डेसिबलांनी वाढते, आणि एवढा फरक जेमतेम जाणवतो. आवाज दुप्पट मोठा वाटावयास शक्ती सुमारे दहापट व्हावी लागते. दहा आणि अडीच यांतील अंतर सहा डेसिबलांचे. म्हणजे कानाला ते निम्म्याइतकेही कमी भासत नाही. मोजण्याचे साधन नसलेल्या गिऱ्हाइकाला काहीतरी कमी आहे एवढेच वाटले असेल. किती कमी आहे हे सांगता आले नसेल. वॅटांच्या आकड्यावरचा विश्वास आणि कानाची ही उदारता यांच्या फटीतून पुढे अनेक पोकळ आकडे बाजारात शिरले, आणि आजही शिरत आहेत.

सिंक्लेअर यांच्या यंत्राची हकिगत तेथेच संपली असती, तर ती एका फसलेल्या धंद्याची गोष्ट ठरली असती. पण पुढील चाळीस वर्षांत अभियंत्यांनी शक्तीच्या गळतीची एकेक जागा हुडकून काढली व बुजविली. पहिली जागा दाऱ्याचीच. बेल प्रयोगशाळेत मोहम्मद अताल्ला आणि डॉवन कांग यांनी १९५९ साली एक नवा सिलिकॉन ट्रान्झिस्टर करून दाखविला. त्यात प्रवाहाचे नियमन प्रवाहाने नव्हे, तर एका पातळ विरोधक थरापलीकडून विद्युत्-दाबाने होते. हाच पुढे ‘मॉसफेट’ या नावाने प्रसिद्धीस आला. अंगात भार साठवून ठेवण्याची जुनी खोड त्याला नव्हती. मोठा प्रवाह पेलणारे मॉसफेट स्वस्त होण्यास मात्र सत्तरीच्या दशकाची अखेर उजाडली. मध्यंतरी १९७४ साली अमेरिकेत इन्फिनिटी कंपनीने, आणि १९७८ साली जपानच्या सोनी कंपनीने क्षेत्र-परिणामी ट्रान्झिस्टर वापरून उघडझापीचे ध्वनिवर्धक आणले. ऐंशीच्या दशकात हे तत्त्व व्यवहारात स्थिरावू लागले.

दुसरी जागा शुद्धतेची. तिचे औषध फार जुने होते. बेल प्रयोगशाळेचेच हॅरॉल्ड ब्लॅक हे २ ऑगस्ट १९२७ रोजी सकाळी नावेतून हडसन नदी ओलांडून कामावर जात असताना त्यांना एक युक्ती सुचली आणि हातातील वृत्तपत्राच्या पानावरच त्यांनी ती टिपून ठेवली. ध्वनिवर्धकातून बाहेर पडलेल्या संदेशाचा काही अंश उलटा करून पुन्हा आत सोडावयाचा. म्हणजे यंत्राने जी विकृती घातली ती तिची तीच खोडली जाते. याची किंमत एकच : वर्धन कमी होते. ही कल्पना इतकी विपरीत वाटली की पेटंट मिळण्यास १९३७ साल उजाडले. ‘डी’ वर्गात या युक्तीचे महत्त्व अधिकच आहे, कारण तेथे पुरवठ्याचा दाब जसा खालीवर होईल तसा आवाजही खालीवर होतो. एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी फिलिप्स कंपनीत ब्रुनो पुत्झीस यांनी हा परतीचा अंश शेवटच्या चाळणीच्याही पलीकडून, थेट कर्ण्याच्या तारांवरून घेण्याची रचना केली. त्यामुळे वेटोळ्याचे दोषही सुधारणेच्या कक्षेत आले.

तिसरी जागा जोडणीची. दारी, त्यांचे पहारेकरी आणि परतीची वाट हे सारे एकाच सिलिकॉनच्या तुकड्यावर आले, तेव्हा हे यंत्र सर्वसामान्यांच्या हाती पडले. या कामी पुढाकार घेणाऱ्यांत भारतीय वंशाचे अभियंते आद्य त्रिपाठी यांनी १९९५ साली अमेरिकेत स्थापन केलेली ‘ट्रायपाथ’ ही कंपनी होती. तिची १९९८ मधील ‘टीए-२०२०’ ही चकती इतकी गाजली की जगातील संस्मरणीय चकत्यांच्या यादीत तिचे नाव घेतले जाते. कंपनी मात्र २००७ साली दिवाळखोरीत निघाली. कल्पना जगली, ती रुजविणारे घर राहिले नाही.

आज मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर किंवा हैदराबादच्या कोठी भागातील गुजराती गल्लीत तळहाताएवढे असे बोर्ड ढिगांनी विकले जातात. सिंक्लेअर यांच्या गिऱ्हाइकाप्रमाणेच आजचा विद्यार्थी किंवा हौशी कारागीर असा बोर्ड घेऊन घरी जोडतो, आणि कित्येकदा त्याचीही तक्रार तीच असते : पन्नास वॅटांचा म्हणून आणला, पण आवाज निघत नाही. बोर्ड खराब आहे असे समजून तो टाकून दिला जातो. पुष्कळदा हा अन्याय असतो. इतिहासाने शक्तीच्या गळतीच्या ज्या जागा दाखविल्या, त्याच क्रमाने तपासल्या तर दोष बहुधा सापडतो.

प्रथम आकडा तपासावा. कर्ण्यावरील दाबाच्या शिखराचा वर्ग करून त्याला कर्ण्याच्या रोधाच्या दुपटीने भागले की वॅट मिळतात. बारा व्होल्टांचा पुरवठा आणि आठ ओहमांचा कर्णा असेल, आणि कर्ण्याची दोन्ही टोके उघडझाप करणाऱ्या दोन दाऱ्यांना जोडलेली असतील, तर शिखर फार तर बारा व्होल्टांचे. म्हणजे अविकृत शक्ती नऊ वॅट. एकच बाजू काम करीत असेल तर शिखर सहा व्होल्टांचे आणि शक्ती सव्वादोन वॅट. बोर्डाच्या वेष्टनावरचे पन्नास वॅट एकवीस व्होल्टांच्या पुरवठ्यावर आणि चार ओहमांच्या कर्ण्यावर मिळणारे असतात. येथे नादुरुस्त काहीच नाही. अपेक्षा मात्र दुरुस्त करावी लागते.

त्यानंतर पुरवठा पाहावा, आणि तो आवाज चालू असताना, बोर्डाच्या पायांपाशी मोजावा. शांत असताना बारा दाखविणारा ॲडॉप्टर ठेक्यासरशी नऊवर कोसळत असेल, तर शक्ती पाच वॅटांवर येते. कानाला हा फरक अडीच डेसिबलांचा, म्हणजे किरकोळ. परंतु तबल्याच्या थापेबरोबर आवाज फाटतो किंवा क्षणभर तुटतो, ही या दोषाची खूण. बारीक तारा आणि सैल जोड यांचा परिणामही असाच.

आवाज फाटत नाही, स्वच्छ आहे, पण लहान आहे, असे असेल तर दोष पुढे नसून मागे असतो. दूरध्वनीतून येणाऱ्या संदेशाचे शिखर ०·३ व्होल्ट असेल आणि बोर्डाचे वर्धन दहापट ठेवलेले असेल, तर कर्ण्यावर तीनच व्होल्ट पोहोचतात. शक्ती अर्ध्या वॅटाच्या आसपास. तेच वर्धन चाळीसपट केले की पुरे बारा व्होल्ट आणि नऊ वॅट. अनेक चकत्यांवर हे वर्धन एकदोन लहान रोधकांनी ठरविलेले असते, आणि शक्तीवर मर्यादा घालणारा एक वेगळा पायही असतो. तेथे चुकीचा रोधक बसला तर निरोगी बोर्डही दुबळा ठरतो. दोन कर्णे एकमेकांविरुद्ध जोडले गेल्यास खर्ज नाहीसा होतो आणि ऐकणारा त्यालाही ‘आवाज कमी’ असेच म्हणतो.

याउलट आवाज लहानही आहे आणि घोगराही आहे, तर दाऱ्यांकडे वळावे. वरच्या मॉसफेटला पुरते उघडण्यासाठी पुरवठ्याहूनही अधिक दाब लागतो. तो एका चिमुकल्या कंडेन्सरमध्ये प्रत्येक फेरीत साठविला जातो. हा कंडेन्सर निकामी झाला किंवा त्याचा डाख कच्चा राहिला, तर वरचे दारे अर्धवटच उघडते. साठ वर्षांपूर्वीच्या जर्मेनियमचा दोष अशा वेळी नव्या रूपाने परत येतो. दोन्ही बाजूंच्या टोकांवर, चाळणीच्या पलीकडे, निःशब्द असताना जमिनीच्या तुलनेने साधारणपणे सारखाच दाब असावा. एका बाजूला वेगळा दिसला तर दोष त्या बाजूला. या रचनेत कर्ण्याची कोणतीही तार जमिनीला जोडावयाची नसते, हे पथ्य मात्र कटाक्षाने पाळावे. ते मोडल्यास चकती जळण्याचा धोका असतो. शेवटी वेटोळे पाहावे. स्वस्त गाभ्याचे वेटोळे मोठ्या प्रवाहात तृप्त होते, मग चाळणीचे काम करीत नाही आणि नुसते तापते.

हे सारे निर्दोष निघाले, तर प्रश्न कर्ण्याचा. तेवढ्याच शक्तीवर एक कर्णा दुसऱ्याहून दहा डेसिबल अधिक वाजतो, असे सहज घडते; आणि दहा डेसिबल म्हणजे दहापट शक्ती. शंभर वॅटांचा बोर्ड आणून जे साधत नाही, ते कधी कधी चांगला कर्णा बदलून साधते.

शोधाच्या या क्रमात एक शिस्त आहे. क्षीण आवाज हे लक्षण आहे, रोग नव्हे. लक्षण एकच असले तरी त्यामागे आकड्याचा फुगवटा, पुरवठ्याची ओढाताण, वर्धनाची काटकसर, दाऱ्याची आळशी उघडझाप किंवा कर्ण्याची मंदता यांपैकी काहीही असू शकते. १९६४ साली हे सारे दोष एकाच लहान पेटीत गुंतलेले होते, आणि ते वेगळे करून पाहण्याची उसंत बाजारपेठेने दिली नाही. म्हणून एका बरोबर कल्पनेवर कित्येक वर्षे चुकीचा शिक्का राहिला. तो पुसला गेला, कारण काही माणसांनी तत्त्व टाकून न देता शक्ती कोठे गळते ते शांतपणे मोजले. तळहातावरचा मुका बोर्ड केराच्या टोपलीत टाकण्यापूर्वी आजच्या कारागिरानेही तेवढेच करावयाचे आहे : आधी मोजावे, मग दोष द्यावा.